मोठे मत्स्यालय बसविण्यापूर्वी वायरिंगचा आराखडा करा

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील शिरूर आणि रेल्वेचे जंक्शन असलेले दौंड ही दोन्ही तालुक्याची गावे. एकाजवळ रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्याजवळ कुरकुंभची. त्यामुळे नवी घरे उठली आणि नव्या घरांबरोबर नव्या हौशीही आल्या. त्यांतलीच एक हौस म्हणजे दिवाणखान्यात पाच-सहा फुटी मत्स्यालय. एका टाकीवर पाच जणांचे हात लागतात : काच कापून सिलिकॉनने जोडणारा, लोखंडी स्टँड वेल्डिंग करणारा, कपाट आणि झाकण करणारा सुतार, मासे व सामान पुरविणारा दुकानदार आणि वायरमन. या धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. म्हणून आज या पानावर हा विषय आम्ही घेत आहोत.

काचेची जाडी किती, स्टँडचा अँगल कोणता, मासे कोणते, हे सारे ग्राहक आणि दुकानदार तासभर बोलतात. वायरिंगचा विषय मात्र टाकीत पाणी भरल्यावर निघतो. मग जवळच्या टीव्हीच्या बोर्डातून एक्स्टेंशन ओढले जाते, त्यात मल्टिप्लग बसतो आणि तो सगळा गुंता टाकीखालच्या कपाटात कोंबला जातो. वर सातशे लिटर पाणी आणि खाली उघडे सॉकेट, अशी ही मांडणी असते. आमचे म्हणणे एवढेच की, वायरिंगचा आराखडा काच कापण्याआधी झाला पाहिजे आणि त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात आला पाहिजे.

भार थोडा, धोका मोठा

प्रथम हिशोब करू. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे एकूण ६८० लिटर. नुसत्या पाण्याचेच वजन ६८० किलो झाले. त्यात काच, खडी आणि दगड मिळवले की वजन नऊशे किलोंच्या आसपास जाते. अशी टाकी एकदा भरली की मागचा बोर्ड दुरुस्त करण्यासाठी ती सरकविता येत नाही. आराखडा आधी करण्याचे हे पहिले कारण.

आता विजेचा भार पाहू. अशा टाकीला साधारण असे सामान लागते : ३५ वॅटचे दोन कॅनिस्टर फिल्टर (७० वॅट), हवेचा पंप (१० वॅट), पाणी हलविणारे दोन छोटे पंप (२० वॅट), यूव्ही दिवा (१८ वॅट), एलईडी दिवे (१०० वॅट) आणि ३०० वॅटचे दोन हीटर (६०० वॅट). एकूण ८१८ वॅट. २३० व्होल्टने भागले तर साडेतीन अँपिअरच्या थोडा वर आकडा येतो. घरातली इस्त्री यापेक्षा जास्त वीज ओढते.

हा आकडा पाहून वायरमन म्हणतो, "एवढ्याला काय होतंय?" भाराच्या दृष्टीने त्याचे बरोबरच आहे. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरची एमसीबी यांवर हा भार आरामात चालतो. परंतु येथे प्रश्न भाराचा नाही, गळतीचा आहे. ही उपकरणे रात्रंदिवस पाण्यात किंवा पाण्याशेजारी असतात आणि घरातला माणूस त्याच पाण्यात कोपरापर्यंत हात घालतो. घरात इतर कोणत्याही ठिकाणी वीज, पाणी आणि उघडा हात असे रोज एकत्र येत नाहीत.

एमसीबी वायर वाचविते, माणूस वाचवीत नाही

आमच्या पाहण्यात अनेक ग्राहकांची, आणि काही कारागिरांचीही, अशी समजूत असते की एमसीबी बसविली म्हणजे शॉकची भीती संपली. ही समजूत चुकीची आहे. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह गेला तरच पडते. ओल्या हाताने आणि ओल्या पायाने उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध सुमारे हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि माणसाचे हृदय बंद पाडायला मात्र तेवढा प्रवाह पुरेसा असतो.

माणसासाठी जे उपकरण आहे त्याचे नाव आरसीसीबी. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही, हे ते सतत पाहत असते. परत येणारा प्रवाह कमी पडला, म्हणजे कुठेतरी तो पाण्यातून, लोखंडातून किंवा माणसातून जमिनीत चालला आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढ्या गळतीवर सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात पडते आणि गळती मोठी असेल तर त्याहूनही लवकर पडते. विद्युत कायदा २००३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या सुरक्षा विनियमांत घरगुती जोडणीसाठी गळतीची कमाल मर्यादा हीच, म्हणजे ३० मिलिअँपिअर, ठेवली आहे. बाजारात १०० आणि ३०० मिलिअँपिअरच्याही मिळतात. स्वस्त पडली म्हणून ती मत्स्यालयावर लावू नये.

दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्यात. आरसीसीबी जादा भारावर पडत नाही, म्हणून तिच्याबरोबर एमसीबी हवीच. दोन्ही कामे एकाच डबीत करणारी आरसीबीओ मिळते, ती घेतल्यास उत्तम. दुसरे असे की, एखाद्याने एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक बल्बच. तेथे ती पडणार नाही. म्हणून ती बसविली तरी उघडे जोड आणि टेप गुंडाळलेल्या वायरी चालणार नाहीत.

अर्थिंग : आपल्या भागाची खरी अडचण

शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. एप्रिल-मे महिन्यांत जमीन खोलवर वाळते, विशेषतः मुरमाच्या जागी. अर्थिंगचा खड्डा वाळला की त्याचा विरोध वाढतो. याचा परिणाम आकड्यांत पाहा.

पावसाळ्यानंतर खड्ड्याचा विरोध ५ ओहम आहे असे धरू. फेज थेट स्टँडला लागला तर जास्तीत जास्त २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी तत्काळ पडण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे ती लगेच पडणार नाही, तापून काही सेकंदांनी पडेल. आता उन्हाळ्यात तोच खड्डा २० ओहमवर गेला तर प्रवाह साडेअकरा अँपिअर होईल. एमसीबी पडणारच नाही आणि स्टँड जिवंत राहील. आरसीसीबी मात्र २० ओहमच्या अर्थिंगवरही आपले काम करते. म्हणून आपल्या भागात अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. एकीच्या भरवशावर दुसरी सोडू नये.

खड्डा घेताना किमान अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांहून थोडा अधिक लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती कोळसा व मिठाचे थर आणि वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे ठेवावे. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतण्यास घरमालकाला सांगावे. अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून ठेवावा.

दोन्ही गावांच्या जुन्या पेठांत लाकडी पट्टीवरची दोन वायरींची वायरिंग अजून सापडते. तीत अर्थची वायरच नसते. अशा घरात काही जण थ्री-पिन सॉकेटच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडतात. हा प्रकार कधीही करू नये. न्यूट्रल कुठे तुटला तर उपकरणाचा लोखंडी भाग पूर्ण २३० व्होल्टवर येतो. नळाच्या पाइपालाही अर्थ जोडू नये. आता पाइप प्लास्टिकचे असतात. तेथे अर्थ होत नाही, फक्त झाल्याचा भास होतो. अशा घरात खड्ड्यापासून टाकीच्या बोर्डापर्यंत हिरवी वायर स्वतंत्र ओढणे हाच मार्ग.

लोखंडी स्टँडलाही अर्थ द्यावा. वेल्डिंग करणाऱ्याने स्टँडच्या मागच्या पायाला एक बोल्ट आधीच ठोकून द्यावा आणि तेथला रंग खरवडलेला ठेवावा. वायरमनचे काम दोन मिनिटांत होते. टाकी भरल्यावर हेच काम करणे फार अवघड.

दोन सर्किट का हवीत?

काही घरांत संपूर्ण घराला एकच आरसीसीबी असते. तिच्यावरच मत्स्यालय टाकले तर गीझर किंवा वॉशिंग मशीनच्या गळतीने ती पडते. कुटुंब गावाला गेलेले असले तर फिल्टर बंद, हवा बंद, आणि परत येईपर्यंत मासे मेलेले. असे एकदा झाले की घरमालक चिडून म्हणतो, "ती आरसीसीबी काढून टाका." माशांच्या काळजीपोटी माणसाचे संरक्षण निघून जाते.

म्हणून मुख्य डीबीपासून मत्स्यालयासाठी दोन वेगळी सर्किट ओढावीत. पहिले सर्किट प्राणाचे : फिल्टर, हवेचा पंप आणि पाणी हलविणारे पंप. दुसरे सर्किट सोयीचे : हीटर, दिवे, यूव्ही आणि पुढे कधी चिलर बसविल्यास तो. दोन्हींवर ३० मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीबीओ. गळतीचा संशय असलेले सामान, विशेषतः हीटर, दुसऱ्या सर्किटवर असल्याने तो बिघडला तरी माशांची हवा चालू राहते. एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक पंपांचा विचार करता आरसीबीओ ए प्रकारची घ्यावी.

एक महत्त्वाची सूचना : दोन्ही सर्किटांचे न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत. बोर्डात सोयीसाठी ते एकत्र केले की दोन्ही आरसीबीओ विनाकारण पडू लागतात आणि दोष कंपनीला दिला जातो.

बोर्डाची जागा आणि वायरीचा वळसा

पाणी खालीच जाते, ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली की बोर्डाची जागा आपोआप ठरते. बोर्ड टाकीच्या खाली नको, मागे नको, कपाटात नको. टाकीच्या कडेपासून एक-दीड फूट बाजूला आणि पाण्याच्या पातळीपेक्षा वर, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर घ्यावा. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सॉकेट आणि स्वतंत्र बटण. बटणाखाली मराठीत नाव : हीटर १, हीटर २, फिल्टर, हवा, दिवे. दोन सॉकेट जादा ठेवावीत. पुढे सामान वाढतेच, आणि जागा नसली की मल्टिप्लग येतो.

टाकीतून निघणारी प्रत्येक वायर बोर्डाकडे सरळ नेऊ नये. ती आधी सॉकेटच्या पातळीखाली लोंबू द्यावी आणि मग वर चढवावी. वायरीवरून ओघळणारे पाणी त्या वळशाच्या तळाशी येऊन जमिनीवर गळते, सॉकेटमध्ये शिरत नाही. या वळशाला एक पैसाही खर्च येत नाही. सुताराने कपाटाच्या बाजूला वायरीसाठी दोन इंची भोक ठेवले तर हा वळसा नीट बसतो.

हवेचा पंप शक्यतो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. खाली ठेवायचा असल्यास नळीत उलटे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा. नाही तर वीज गेल्यावर टाकीतले पाणी नळीतून पंपात उतरते.

हीटर : सर्वांत सांभाळण्याची वस्तू

हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे तापमान चांगलेच उतरते आणि उष्ण प्रदेशातील माशांना हीटर लागतो. ६८० लिटर पाणी एक अंश तापविण्यास सुमारे पाऊण युनिटाहून किंचित अधिक वीज लागते. म्हणजे ६०० वॅटचे हीटर तासाला पाऊण अंश तापवितात, तेही उष्णता वाया जात नाही असे धरून. घाई करून मोठा हीटर घेण्यात अर्थ नाही. एका ६०० वॅटच्या हीटरपेक्षा ३०० वॅटचे दोन बरे. एकाचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत चिकटला तरी मासे शिजत नाहीत, आणि एक बंद पडला तरी दुसरा धकवून नेतो.

काचेचा हीटर चालू असताना पाण्याबाहेर आला की तापतो. त्यावर पुन्हा थंड पाणी पडले की तडकतो आणि आतली तार थेट पाण्याला लागते. म्हणून पाणी बदलण्याचा नियम एकच : आधी हीटर बंद, मग पिन बाहेर, दहा-पंधरा मिनिटे थांबणे आणि मगच पाण्याला हात. बोअरच्या जड पाण्याने हीटरवर क्षाराचा थर चढतो. तो वेळोवेळी काढावा.

काही दुकानदार पाण्यात सोडण्याची टायटॅनियमची अर्थिंग कांडी विकतात. ती आरसीसीबी असलेल्या सर्किटावर उपयोगी आहे, कारण हात लागण्याआधीच गळती पकडली जाते. आरसीसीबी नसताना कांडी विकू नये. नुसत्या कांडीने पाण्यातून प्रवाहाला कायमची वाट मिळते आणि ती तोडणारे कोणीच नसते.

वीज गेली तर

इन्व्हर्टरवर फक्त एक फिल्टर आणि हवेचा पंप घ्यावा. ३५ आणि १० मिळून ४५ वॅट. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी एवढाच भार असेल तर दहा-बारा तास सहज चालविते. पंखे आणि दिवे त्याच बॅटरीवर असतील तर तो वेळ त्या प्रमाणात कमी धरावा. हीटर इन्व्हर्टरवर कधीही नको. इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा असावा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर पंपाची मोटर गुणगुणते आणि तापते.

येथे एक गोष्ट सुटते. आरसीबीओ इन्व्हर्टरच्या आधी बसविली, तर बॅटरीवर चालताना तिचा उपयोग नाही. प्राणाच्या सर्किटाची आरसीबीओ इन्व्हर्टरच्या पुढे, म्हणजे त्याच्या आउटपुटच्या बाजूला हवी. व्होल्टेज फार वर-खाली होत असेल तर जादा व कमी व्होल्टेजला तोडणारे उपकरणही बसवावे. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकते आणि सारे पंप एका दमात जळतात.

काम सोपविण्याआधी

पाणी भरण्यापूर्वी, उपकरणे काढून ठेवून, पाचशे व्होल्टच्या मेगरने वायरिंग तपासावी. आकडा एक मेगओहमपेक्षा कमी नसावा. मग उपकरणे एकेक करून जोडावीत. आरसीबीओचे टेस्ट बटण दाबून पाहावे, विजेवर आणि बॅटरीवर दोन्ही वेळा. हे बटण दाबल्यावर आरसीबीओ पडली म्हणजे ती स्वतः चालते एवढेच कळते. अर्थिंग चांगली की वाईट हे त्यावरून कळत नाही. अर्थिंग वेगळी मोजावी लागते. ग्राहकाला महिन्यातून एकदा हे बटण दाबायला शिकवावे.

सर्किटचा साधा नकाशा, अर्थिंगचा आकडा, तारीख आणि "हात घालण्यापूर्वी पिन काढा" ही सूचना एका कागदावर लिहून डीबीच्या दारावर आतून चिकटवावी. काम वायरमन परवाना असलेल्या कारागिरानेच आणि परवानाधारक कंत्राटदारामार्फत करावे, असा नियम आहे. ज्या तरुणांनी आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमन ट्रेड केला आहे पण परवाना काढलेला नाही, त्यांनी तो काढून घ्यावा. विनापरवाना केलेल्या कामात अपघात झाला तर कारागिराच्या बाजूने उभे राहणारे काहीच नसते.

ग्राहकाला खर्च आधी सांगा

विजेचे बिलही आधी सांगितलेले बरे. वरील टाकीचे पंप व यूव्ही दिवा चोवीस तास, दिवे आठ तास असे धरले तर रोज सुमारे ३.६ युनिट, महिन्याला ११० च्या आसपास. हिवाळ्यात हीटर रोज आठ तास चालले तर महिन्याचा आकडा अडीचशेच्या घरात जातो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. त्यामुळे हे जादा युनिट वरच्या टप्प्याच्या दराने पडतात. हे न सांगता टाकी विकली की दोन महिन्यांनी ग्राहक बिल घेऊन दुकानात येतो, किंवा पैसे वाचविण्यासाठी रात्री फिल्टर बंद करतो आणि मासे मरतात. दोन्हींत नाव दुकानदाराचे जाते.

अंदाजपत्रकात टाकी, स्टँड, सामान, मासे यांच्याबरोबर "वायरिंग व सुरक्षा" अशी वेगळी ओळ असावी. आरसीबीओ, वायर, अर्थिंग, बोर्ड आणि मजुरी तिच्यात स्पष्ट लिहावी. ग्राहक म्हणेल, एवढा खर्च कशाला? तेव्हा त्याला सांगावे की चांगल्या कॅनिस्टर फिल्टरपेक्षा आरसीसीबी स्वस्त आहे. तरीही तो नको म्हणाला, तर आमचा सल्ला असा की ते काम सोडून द्यावे. एक टाकी गेल्याने दुकान बुडत नाही.

काच, लोखंड, लाकूड आणि वीज या कामांतल्या कारागिरांनी एकत्र बसून आपल्या गावापुरता असा एक नमुना आराखडा करून ठेवला, तर प्रत्येक घरी नव्याने डोके चालवावे लागणार नाही. ग्राहकाच्या घरातली मुले त्या काचेला नाक लावून मासे पाहणार आहेत आणि एखाद्या दिवशी त्यांच्यातले एक खुर्चीवर चढून पाण्यात हात घालणार आहे. त्या हाताचा विचार करून वायर ओढावी.